आभाराचा ठराव

आमच्या नॅटकूम गावात भांडणं होत नाहीत. म्हणजे होतात, पण त्यांची नोंद होत नाही, आणि ती न होऊ देण्याचं काम गेली एकतीस वर्षं मी करते आहे. मी म्युरिअल यो, गावच्या पॅरिश कौन्सिलची क्लार्क. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सात सभासद गावच्या हॉलमध्ये जमतात, बसथांब्याचं छप्पर, कुत्र्यांची घाण आणि दफनभूमीतलं गवत यांवर दोन तास बोलतात, आणि ते सगळं मी दोन पानांत बसवते. कोणी कोणाला गाढव म्हणालं तर मी लिहिते, 'या विषयावर विस्तृत चर्चा झाली.' कोणी खुर्ची आपटून निघून गेलं तर लिहिते, 'श्री. अमुक यांनी इतर कामामुळे सभेची रजा घेतली.' माझी इतिवृत्तं इतकी देखणी असतात की एकदा जिल्हा कार्यालयाने पत्र पाठवून विचारलं होतं, ही इतर गावांना नमुना म्हणून दाखवली तर चालेल का. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय.

नॉर्थकॉटचं शेत गावाच्या अगदी पोटात आहे. खाली आमच्या गल्लीतली कॉटेजेस, वर चर्च आणि चर्चच्या शेजारी 'एल्म्स' हा वृद्धाश्रम. मधून शेतातली तिरकी पायवाट. खालच्या फाटकातून शिरलं की सात मिनिटांत वर. तीच माणसं हमरस्त्याने गेली तर दीड मैल पडतो, पदपथ नाही, दोन आंधळी वळणं, आणि दगडाच्या खाणीचे ट्रक असे जातात की कुंपणाची पानं गळतात. त्यामुळे रस्त्याने चालत कोणी जात नाही. सगळे शेतातून जातात.

म्हातारा अँब्रोज नॉर्थकॉट तीन वर्षांपूर्वी गेला. शेत पुतण्याकडे आलं. पुतण्याने उभ्या जन्मात गाय जवळून पाहिली नव्हती, त्याने ते बिल्डरला विकलं. बिल्डरने जिल्ह्याकडे चौदा घरांच्या परवानगीचा अर्ज केला आणि नियमाप्रमाणे त्याचे नकाशे माझ्याकडे आले. नकाशा सुबक होता. झाडं दाखवली होती, झाडांखाली बाकं, बाकांवर हसरी माणसं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'जागेवर कोणतीही सार्वजनिक वाट नाही.' कागदोपत्री ते खरंच होतं. परगण्याच्या, म्हणजे जिल्ह्याच्याही वरच्या कचेरीच्या, अधिकृत नकाशावर प्रत्येक सार्वजनिक वाट तुटक रेघेने दाखवतात, आणि आमच्या वाटेवर तशी रेघ नव्हती. ती आखून घ्यावी हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. रोज चालतो ती वाट कोण कशाला नोंदवायला जातो?

तो नकाशा घेऊन विनिफ्रेड पेन्गेली माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. ती एकोणऐंशी वर्षांची, माझ्यापासून तिसऱ्या कॉटेजमधली. नवरा डेन्झिल प्लिमथच्या गोदीतून निवृत्त झाला तेव्हा दोघं इथे राहायला आली, त्याला एकवीस वर्षं झाली, त्यामुळे गावात त्यांना अजून 'ती नवी माणसं' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी डेन्झिलला दुसरा झटका आला आणि त्याला एल्म्समध्ये ठेवावं लागलं. तो बोलत नाही. आणि नर्सच्या हातून खात नाही. तोंड घट्ट मिटून घेतो. विनिफ्रेडने चमचा धरला की उघडतो. म्हणून ती रोज साडेअकराला घरून निघते, बाराला त्याला भरवते. तिला कमी दिसतं, गाडी चालवता येत नाही, बस आठवड्यातून दोनदा.

"म्युरिअल, हे काय आहे गं?" तिने नकाशावर बोट ठेवलं.

"सात नंबरचं घर."

"आणि हे चौकोन चौकोन?"

"त्यांचं स्वयंपाकघर."

"वाट इथूनच जाते ना पण?"

"हो. बहुतेक त्यांच्या सिंकमधून."

ती हसली नाही. "मग डेन्झिलला कोण भरवणार?" तिने विचारलं. मी चहा ओतला. दुसरं काय करणार होते?

जिल्ह्याच्या नियोजन समितीपुढे आम्ही दोघी गेलो. हरकत घेणाऱ्याला तीन मिनिटं मिळतात आणि समोर एक दिवा असतो, वेळ संपली की तो लाल होतो. विनिफ्रेडने त्यातलं पहिलं मिनिट समितीचा वेळ घेतल्याबद्दल माफी मागण्यात घालवलं, आणि शेवटचं घरं किती छान दिसताहेत ते सांगण्यात. मधल्या मिनिटात डेन्झिलचा विषय आला. समितीतल्या एका बाईने चष्मा काढून पुसला आणि अधिकाऱ्याला विचारलं, "वाट सार्वजनिक आहे की नाही, हे ठरवता येतं का?"

अधिकारी म्हणाला, येतं. एखाद्या वाटेवरून लोक सलग वीस वर्षं चालले, न लपता, न कुलूप तोडता आणि मालकाची परवानगी न घेता, तर ती वाट कायद्याने सर्वांची होते. मग बिल्डरला ती नकाशात ठेवावीच लागते. समितीने ठरवलं, आधी वाटेची सुनावणी, मग घरांची परवानगी. आम्ही बसथांब्यावर एकमेकींना मिठी मारली. वीस वर्षं? आमच्या गावात वीस वर्षं म्हणजे कालची गोष्ट.

मी घरोघर फॉर्म वाटले. आपण वाट कधीपासून वापरता, किती वेळा, कोणी अडवलं का. पंधरा दिवसांत त्रेचाळीस फॉर्म आले. मी ते स्वयंपाकघरात वाचायला घेतले आणि चौथ्या फॉर्मला हातातला चहाचा कप खाली ठेवला.

'श्री. नॉर्थकॉट यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली होती.' 'आम्ही अर्थातच आधी विचारलं.' 'त्यांची हरकत नसे, लांबूनच हात करायचे.' चर्चच्या व्हिकरसाहेबांनी तर लिहिलं होतं, 'दिवंगत नॉर्थकॉट यांच्या कृपेने.' त्रेचाळीसपैकी बेचाळीस माणसांनी सभ्यपणाचा कळस केला होता.

मी परगण्याच्या वाटा खात्यातल्या मुलीला फोन केला आणि दोन-चार फॉर्म वाचून दाखवले.

"मिसेस यो, यातलं एकही चालणार नाही. परवानगी घेतली की हक्क संपला. ती त्यांची मेहेरबानी झाली."

"म्हणजे विचारणारा फुकट गेला?"

"हो."

"आणि चालतो कोण?"

"ज्याने विचारलं नाही तो."

त्रेचाळिसावा फॉर्म तसा होता. सेल्विन लस्कमचा. सेल्विन एक्याऐंशी वर्षांचा, जन्म याच गल्लीतला, पूर्वी कौन्सिलवर होता, आणि गावात त्याच्याइतका उर्मट माणूस दुसरा नाही. चर्चच्या जत्रेत केक विकत घेऊन तिथेच 'कच्चा आहे' म्हणून सांगतो. त्याच्या फॉर्मवर एकच ओळ होती: 'सहा वर्षांचा असल्यापासून चालतो. कोणाच्या बापाला विचारलं नाही.'

मी हॉलमध्ये सभा बोलावली आणि सगळ्यांना परिस्थिती समजावून सांगितली. लोकांचे चेहरे उतरले. मग हळूहळू आठवणी यायला लागल्या. कौन्सिलचे अध्यक्ष बेझिल व्हेनिंग उभे राहिले. हे निवृत्त दंतवैद्य, आयुष्यभर त्यांनी कोणाला खुर्चीत ओरडू दिलं नाही, आणि सभेतही ते तोच नियम पाळतात.

"मला आता स्पष्ट आठवतंय," ते म्हणाले, "एकदा अँब्रोजने हात केला, आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं होतं."

"मी तर प्लम तोडले होते त्याचे," मागून एक बाई म्हणाल्या. "दोन वेळा."

"माझा कुत्रा त्याच्या कोंबडीमागे लागला होता आणि मी माफी मागितली नव्हती."

"मागितली होतीस. चिठ्ठी टाकली होतीस दारात. मला माहितेय."

"ती नंतर!"

अर्ध्या तासात अख्खं गाव आपण किती असंस्कृत आहोत हे एकमेकांना पटवून देत होतं, आणि तेही आळीपाळीने, 'माफ करा, तुमचं झालं की मी बोलतो' असं म्हणत. सेल्विन दाराशी काठीवर रेलून ऐकत होता. "काय भिकार खोटारडे आहात रे तुम्ही," तो म्हणाला. "धड खोटंसुद्धा बोलता येत नाही."

मग बिल्डरच्या वकिलाचं पत्र आलं. श्री. फेन्विक. १९७० पासूनच्या कौन्सिलच्या ज्या ज्या इतिवृत्तांत नॉर्थकॉटच्या शेताचा उल्लेख आहे, त्यांच्या प्रती कृपया पाठवाव्यात. मी वह्या काढल्या. जून १९९१, माझंच अक्षर, निळी शाई, समास सरळ:

'शेतातून जाऊ देण्याबद्दल श्री. नॉर्थकॉट यांचे आभार मानण्याचा ठराव श्री. व्हेनिंग यांनी मांडला. ठराव एकमताने मंजूर.'

मला सगळं आठवलं. त्या वर्षी मे महिन्यात अँब्रोजने दोन्ही फाटकांना साखळी लावली होती. नऊ दिवस. गाव हादरलं होतं. पण त्याला जाऊन विचारेल कोण? सगळे नऊ दिवस हमरस्त्याने गेले आणि तो भेटला की हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. दहाव्या दिवशी साखळी निघाली. महिन्याभराने तो स्वतः सभेला आला तेव्हा लोकांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी आभाराचा ठरावच केला. अख्ख्या गावाने लेखी कबूल केलं होतं की ही वाट त्याची मेहेरबानी आहे.

बेझिल धावत आले. "हॉलमध्ये एकदा पाणी शिरलं होतं ना? वही त्यात भिजली म्हणून सांग."

"प्रती कालच पाठवल्या."

"का पण?"

कारण मागितल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर मला माझी इतिवृत्तं कोणालाही दाखवायला आवडतात.

दुसऱ्या दिवशी सेल्विन आला. तो दारात उभा राहूनच बोलतो, आत या म्हटलेलं त्याला आवडत नाही.

"पोरी," तो म्हणाला. इथली जुनी माणसं साठीच्या बाईलाही पोरी म्हणतात. "त्या ठरावाला मी विरोध केला होता. अर्धा तास बोललो होतो. तू खाली मान घालून भराभरा लिहीत होतीस."

"इतिवृत्तात एकमताने लिहिलंय, सेल्विन."

"ते मला माहितेय. मी विचारतोय, तुला आठवतंय का?"

"तेवीस वर्षं झाली."

तो काठी टेकत निघून गेला. मला आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. मी दार लावलं आणि माझी मलाच शिसारी आली.

जानेवारीत बिल्डरने 'सुरक्षेच्या दृष्टीने' शेताला तारेचं कुंपण घातलं. विनिफ्रेड अंगात झगझगीत पिवळं जाकीट घालून हमरस्त्याने जायला लागली. सेल्विन कुंपण कापायची कात्री घेऊन निघाला होता, त्याला मी अक्षरशः आडवी पडून थांबवलं. तोडलं तर हक्क जातो, हे त्याला तीनदा समजावलं. तेव्हा तो शिव्या घालत विनिफ्रेडबरोबर चालायला लागला, रोज, ट्रकच्या बाजूने, प्रत्येक ड्रायव्हरला काठी दाखवत. तरी एक दिवस बर्फामुळे ती पोचलीच नाही. डेन्झिलने दुसऱ्या दिवशी दुपारी ती येईपर्यंत तोंड उघडलं नाही. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात त्याच खुर्चीवर बसली होती. म्हणाली, "मी उगाच तुझा वेळ घेतेय."

सुनावणीच्या आदल्या दुपारी मी कपाटाच्या तळाशी ठेवलेला खोका काढला. माझ्या कच्च्या वह्या. सभेत मी लघुलिपीत सगळं उतरवते, अगदी सगळं, आणि मग घरी येऊन त्यातलं बोचरं काढून टाकते. कच्च्या वह्या फाडून टाकायला हव्यात, पण माझ्याने त्या कधी फाडवल्या नाहीत. जून १९९१ सापडली. मी वाचली आणि हातातल्या पिशवीत ठेवली. काढणार की नाही ते ठरवलं नव्हतं. ती वाचून दाखवली तर एकतीस वर्षांची माझी सगळी अब्रू हॉलमध्ये मांडली जाणार होती, आणि नाही दाखवली तर विनिफ्रेड.

सुनावणी आमच्याच हॉलमध्ये झाली. ब्रिस्टलहून सरकारी निरीक्षक आल्या, मिसेस हॅथर्ली, गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसल्या, कारण आमचा हीटर नुसताच आवाज करतो. फेन्विक वकील चाळिशीचा, मऊ आवाजाचा. राक्षस असता तर बरं झालं असतं. त्याने विनिफ्रेडला स्वतः खुर्ची सरकवून दिली.

"पेन्गेलीबाई, आपण या वाटेने किती वर्षं जाता?"

"एकवीस. रोज, हल्ली."

"पहिल्यांदा गेलात तेव्हा श्री. नॉर्थकॉट यांना विचारलं होतं?"

मी जागेवर डोळे मिटले.

"अहो, म्हणजे काय!" विनिफ्रेड म्हणाली. "दुसऱ्याच्या शेतातून न विचारता कसं जाणार? मी म्हटलं, चालेल ना? ते म्हणाले, हवं तेवढं जा. देवमाणूस होता. दर नाताळला मी त्यांना संत्र्याच्या मार्मालेडची बरणी द्यायचे."

"दर नाताळला?"

"एकही चुकला नाही," ती अभिमानाने म्हणाली.

"मनापासून आभारी आहे," फेन्विक म्हणाला, आणि खरंच तो आभारी असावा. मग त्याने माझं पान काढलं आणि ते वाचून दाखवलं, समास सोडून सगळं. "एकवीस वर्षांपूर्वी आलेल्या बाईच नव्हे, निरीक्षक महोदया. सगळं गाव. एकमताने. एकाही माणसाला असं वाटलं नाही की हा आपला हक्क आहे."

"खोटं आहे!" मागून सेल्विन ओरडला. "मी विरोधात होतो!"

"इतिवृत्तात तसं काही नाही," फेन्विक शांतपणे म्हणाला. "आणि या गावच्या इतिवृत्तांची जिल्ह्यात ख्याती आहे."

मिसेस हॅथर्लींनी हॉलभर नजर फिरवली. "त्या वेळच्या क्लार्क इथे आहेत का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बेझिलनी अगदी हलकेच मान हलवली, नको, नको. खुर्चीत बसलेला रोगी तोंड उघडायला लागला की ते तशीच हलवत असतील. विनिफ्रेड मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. सव्वाअकरा झाले होते, आणि तिला रस्त्याने जायचं होतं.

मी उठले. पिशवीतून वही काढली.

"ते इतिवृत्त खोटं आहे," मी म्हणाले. "मी लिहिलंय, मला माहीत आहे."

आणि मी वाचलं.

'लस्कम: माझा आजा या वाटेने चर्चला जायचा, माझा बाप जायचा, मी जातो. आम्ही कोणाला विचारलं नाही. याला साखळी लावायचा हक्क काय? आणि काढली म्हणून आभार कसले? उद्या कोणी तुमची खुर्ची उचलून नेली आणि परत आणून ठेवली, तर त्याला हार घालाल का? व्हेनिंग: सेल्विन, जरा भाषा. नॉर्थकॉट हसून: बोलू दे त्याला, खरं बोलतोय. मला कोणी कधी विचारलं नाही. माझ्या बापालाही नाही. तुम्ही नुसते येता. वासरं होती म्हणून साखळी लावली, वासरं विकली, काढली. लस्कम: मग आभार माझे माना, मी तुला कोर्टात खेचलं नाही. मतदान: बाजूने सहा, विरोधात एक. व्हेनिंग: म्युरिअल, एकमताने लिही. बरं दिसत नाही ते.'

वही मी निरीक्षकांच्या टेबलावर ठेवली. त्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग होता आणि पुढच्या पानावर बसथांब्याचं छप्पर.

फेन्विक उठला. आवाज तसाच मऊ. "मिसेस यो, म्हणजे आपण अधिकृत नोंद खोटी केलीत."

"हो."

"अशा आणखी किती केल्या?"

पहिल्या रांगेत कौन्सिलचे सगळे सभासद बसले होते, आणि प्रत्येकाचं काही ना काही त्या खोक्यात होतं.

"मला वाटतं, सगळ्याच," मी म्हणाले. "आमच्याकडे एकमताने काहीच झालेलं नाही."

माझे कान तापले होते आणि मला रडू येत होतं. कोणीतरी टाळी वाजवली, एकच. अर्थात सेल्विन.

निकाल सात आठवड्यांनी आला. १९९१ च्या मे महिन्यात फाटकाला साखळी लागली, तेव्हा हक्काला पहिल्यांदा आव्हान मिळालं, आणि कायद्याने वीस वर्षं तिथूनच मागे मोजायची. त्याआधीची वीस वर्षं आणि त्याहून बराच काळ, लोक कोणालाही न विचारता चालत होते, असं मालकाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं, आणि ते त्याच वेळी लिहूनही घेतलं गेलं होतं. म्हणजे वाट तेव्हाच सर्वांची झाली होती. नंतरचे आभार, परवानग्या आणि मार्मालेड यांनी ती परत मालकाची होत नाही. खाली निरीक्षकांनी एक वाक्य घातलं होतं, की कौन्सिलच्या प्रसिद्ध इतिवृत्तांवर मात्र त्यांना विसंबता आलं नाही. नियोजन समितीने तेरा घरांना परवानगी दिली. सात नंबर गेलं. त्याच्या जागी दोन मीटर रुंद वाट, अधिकृत नकाशावर तुटक रेघ.

पुढच्या मंगळवारी सभेत बेझिल उठले. गेले दोन महिने ते माझ्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलत होते. "मला वाटतं, गावाच्या वतीने श्री. सेल्विन लस्कम यांचे आभार मानण्याचा ठराव..."

"माझा विरोध आहे," नागरिकांच्या बाकावरून सेल्विन म्हणाला.

"तुला मत नाही सेल्विन, तू आता सभासद नाहीस. आणि ठराव तुझ्याच आभाराचा आहे."

"म्हणूनच विरोध आहे."

"एकमताने लिही, म्युरिअल," बेझिल थकून म्हणाले.

मी लिहिलं: 'बाजूने सात. श्री. लस्कम यांनी बाकावरून विरोध केला.' मग विचार करून पुढे लिहिलं, 'मोठ्याने.'

कुंपण निघालं त्या सकाळी मी विनिफ्रेडबरोबर गेले. पिवळं जाकीट तिने घरीच ठेवलं होतं. खालच्या फाटकाशी बिल्डरचा मुकादम उभा होता, हेल्मेटवाला, चांगला हसऱ्या चेहऱ्याचा मुलगा. त्याने फाटक उघडून धरलं. "या ना बाई. खुशाल जा. आमची काही हरकत नाही."

विनिफ्रेड थांबली. मला तिचं तोंड उघडताना दिसलं. आता ती थँक्यू म्हणाली असती तरी काही बिघडणार नव्हतं, कायद्याने वाट पक्की झाली होती, मी तिला तसं सांगितलंही होतं. पण सुनावणीनंतर तिने कोणालाही काही म्हणायची धास्ती घेतली होती. तिने ओठ मिटले. मान ताठ केली आणि त्या मुलाकडे न बघता फाटकातून आत गेली. चार पावलांवर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

एल्म्समध्ये डेन्झिल खिडकीशी बसला होता. समोर कुस्करलेला बटाटा, ग्रेव्ही आणि कस्टर्डची वाटी. बाराला दोन मिनिटं कमी होती. विनिफ्रेडने कोट काढला, त्याच्या गळ्याशी रुमाल लावला आणि चमचा हातात घेतला, पण भरला नाही.

"डेन्झिल," ती म्हणाली, "आज एका मुलाने माझ्यासाठी फाटक धरलं, आणि मी त्याला थँक्यू म्हणाले नाही रे."

तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिने असं काही केल्याचं त्याला आठवत नसणार. मग त्याच्या तोंडाची जी एक बाजू अजून हलते ती हलली, आणि त्याने चमच्यासाठी तोंड उघडलं.